सिमेंटच्या गिलाव्याखालचा बंगला

सोलापूर, नळदुर्ग, तुळजापूर, अंबाजोगाई, जालना असे चार दिवस. त्यातले साडेतीन दिवस छान गेले. उरलेला अर्धा दिवस एका बंगल्याच्या भिंतीपुढे गेला, आणि लिहायचं आहे ते त्या भिंतीबद्दल.

नळदुर्गला सगळे पाणीमहाल बघायला जातात, जावंच. बोरी नदी अडवून 1613 साली बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात खोल्या काढल्या आहेत. पण याच नळदुर्गात 1853 नंतर मेडोज टेलर इंग्रजांचा कारभारी म्हणून राहिला, हे फार जणांना ठाऊक नसतं. कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने त्या वर्षीच्या तहात वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर हा मुलूखही इंग्रजांकडे सोपवला. 1860 मध्ये वऱ्हाड सोडून बाकीचा परत आला. म्हणजे मराठवाड्यात इंग्रजांचा थेट अंमल या एका कोपऱ्यात, तोही जेमतेम सात वर्षं. बाकी ठिकाणी इंग्रजी धाटणीच्या इमारती दिसतात त्या मुख्यतः कंटिंजंटच्या छावण्यांमुळे: औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आपलं अंबाजोगाई. 1903 मध्ये ही फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळली आणि छावण्यांच्या बंगल्यांचा मूळ धनी गेला.

असाच एक बंगला वाटेत लागला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. काळ्या पाषाणाचं घडीव जोतं, त्यावर चुन्यात रचलेल्या भाजक्या विटा, अडीच फूट जाड भिंती, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, सागवानी वासे, मंगळुरी कौलं. चौकीदारमामांनी सांगितलं, "अठराशे पासष्टचा हाय, कौलावरच लिव्हलंय की." ही चूक सगळीकडे होते. 1865 हे बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल. कौलं कधीही घडवली तरी छाप तोच. छपराचं वय काढायचं तर खालून वासे बघावेत. मंगळुरी कौलांच्या रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या, साधारण सव्वा फुटाच्या आतल्या अंतरावर येतात. त्यांच्या मधल्या जागेत जुन्या खिळ्यांची भोकं दिसली, तर आधी वेगळं छप्पर होतं असं धरावं. इथे ती भोकं आहेत, सरळ ओळीत. आधी देशी नळीची कौलं असावीत आणि रेल्वे आल्यावर मंगळुरी चढली असावीत, असं मला वाटतं. सोलापूरला रेल्वे 1860 मध्ये आली होती, पण मराठवाड्याच्या पोटातून जाणारा मनमाड-हैदराबाद लोहमार्ग थेट 1900 च्या सुमाराचा.

आता ती भिंत. जमिनीपासून चार फुटांपर्यंत ओल चढलेली. ओलीच्या वरच्या काठावर पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुटलेला, बोटाने पुसला की पिठासारखा हाताला येतो. खाली इंचभर जाडीचा सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट. बोटाच्या पेराने ठोकलं की पोकळ, भदभद आवाज. एका जागी परातीएवढा पोपडा सुटून खाली पडला होता. तो उलटा करून पाहिला तर मागे विटेचा पापुद्रा चिकटून आलेला, लालभडक, अर्धा इंच जाड. भिंतीतली वीट उघडी पडलेली, बोट लावलं की भुगा सांडत होता. आणि तिथून चार हातांवर, भिंतीतल्या कपाटाच्या आत, मूळ चुन्याचा गिलावा शाबूत. नखाने ओरखडा उठत नाही.

कारण साधं आहे. जुन्या भिंतीत ओल अडवणारा थर नसतो, जमिनीतलं पाणी विटेतून वर चढणारच. चुन्याचा गिलावा ते बाहेर सुकू देतो. सिमेंट आणि ऑइलपेंट मिळून ती वाट बंद करतात. मग पाणी आणखी वर चढतं आणि त्यातले क्षार गिलाव्याच्या मागे, विटेच्या पोटात, स्फटिक होऊन फुगतात. वीट आतून फुटते. ओल वाढली म्हणून लोक पुन्हा जाड गिलावा मारतात, आणि पुढच्या वेळी ओल दोन फूट वर निघते. खर्च केलेला माणूस भल्या हेतूनेच करतो, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

यावर उपाय आहे, फक्त वेळ द्यावा लागतो. सिमेंट छिन्नी-हातोड्याने, हातानेच काढायचं. ब्रेकर लावला तर विटांचे सांधे हलतात. मग भिंत निदान एक उन्हाळा उघडी ठेवायची. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, धुवायचा नाही, धुतला तर तो पुन्हा आत जातो. सांधे रुंदीच्या दुप्पट खोल, निदान इंचभर, उकरून घ्यायचे.

चुना पिशवीतली पावडर आणून होत नाही. भट्टीची ताजी कळी, म्हणजे न विझवलेला चुना, हवी. हौदात आधी पाणी, मग कळी. उलटं केलं तर उकळता चुना अंगावर उडतो. वजनाने एकाला तीन पाणी धरावं, चोवीस तास ढवळून गाळावं आणि पाण्याखाली कमीत कमी पंधरा दिवस मुरवावं. तीन महिने मुरला तर लोण्यासारखा होतो, थापीवरून सहज सुटतो. गिलाव्याला एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजक्या विटेची पूड), दोन भाग धुतलेली खरबरीत वाळू. माती असलेली वाळू घातली की तडे ठरलेलेच. गूळ-हिरड्याचं पाणी बेताने घालावं, गूळ जास्त झाला तर गिलावा बसायला उशीर लागतो. भिंत आधी चांगली भिजवून दहा-बारा मिलिमीटरचा थर द्यायचा, दुसरा थर आठ-दहा दिवसांनी, आणि दोन आठवडे ओलं गोणपाट. काम दसऱ्यानंतर काढावं आणि महाशिवरात्रीच्या आत संपवावं. आपल्याकडच्या वैशाखात चुन्यातलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, चुना धरतच नाही, हात फिरवला की पीठ. पुष्कळ गवंडी "चुना टिकत नाही" म्हणतात, त्यातल्या बऱ्याच जणांनी तो मे महिन्यात लावलेला असतो.

मागच्या कोपऱ्यात पिंपळ उगवला आहे. तो ओढून काढू नये, मुळाबरोबर भिंत येते. बुंधा कापून मूळ आतच मरू द्यावं आणि मग फटीत पातळ चुना खालून वर, दिवसाला थोडा थोडा, ओतावा.

किल्लारीनंतर, म्हणजे 30 सप्टेंबर 1993 नंतर, आपल्याकडे जुन्या दगडी भिंतीचं नाव काढलं तरी माणूस दचकतो, आणि तो दचकणारच. पण तिथे पडल्या त्या प्रामुख्याने मातीत रचलेल्या, दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत न गुंतवलेल्या जाड भिंती. चुन्यात बांधलेली, आरपार लांब दगड घातलेली भिंत वेगळी. ती पाडायची की राखायची हे जाणकाराकडून तपासून ठरवावं, भीतीने ठरवू नये.

निघताना मामांनी विचारलं, "येत्या पावसाआधी काय करता येईल?" पैसे नाहीत, हे त्यांच्या बोलण्यात आलंच होतं. मी म्हटलं, जोत्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवलेत, त्यांनी पावसाचं पाणी भिंतीकडे वळवलंय. भिंतीलगतची दोन फूट पट्टी उकरून तिथे खडी भरा, उतार बाहेर द्या, आणि ईशान्येच्या कोपऱ्यावरची फुटलेली सात कौलं बदला. मामा काठीने जमिनीवर पट्टीची रेघ ओढायला लागले.