शून्य की ओ? हिमालयनला एमपी-०९ मिळवताना

माझ्या मोटरसायकलच्या चेसिस नंबरात एक शून्य आहे. ते शून्यच आहे, इंग्रजी ओ नाही, हे एका फायनान्स कंपनीला पटवण्यात माझे अडीच महिने गेले. बाकीचं सगळं काम, म्हणजे महाराष्ट्रात घेतलेल्या गाडीला इंदूरचा एमपी-०९ नंबर मिळवणं, ते मिळून तीन-साडेतीन आठवड्यांचं. त्यामुळे या लिखाणात जे काही डावं-उजवं होईल ते त्या शून्यामुळे.

आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगरातले. नोकरीसाठी मी महाराष्ट्रात होतो आणि २०१९च्या दसऱ्याला तिथेच रॉयल एनफील्डची हिमालयन घेतली. ४११ सीसी, पुढचं चाक २१ इंची, डांबर संपलं की खुश होणारी गाडी. दोन वर्षांचं कर्ज होतं, ते २०२१मध्ये फिटलं. पुढे बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं आणि मी इंदूरला परत आलो. गाडी चालवतच आणली, बिजासन घाटातून, पावसात.

आल्यावर वर्षभर काहीच केलं नाही. जानापाव झालं, चोरलच्या नदीकाठचे कच्चे रस्ते झाले, जाम गेटला तर जवळजवळ दर महिन्याला. एमएच पाटी बघून नाक्यावर कोणी अडवलं की "अभी-अभी आए हैं" म्हणायचं. पण 'अभी-अभी' किती दिवस म्हणणार? मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. पत्ता बदलल्याचं कळवायला तर तीसच दिवस असतात. ते तीस दिवस माझे जानापावच्या चढावर संपले होते.

काम ऐकायला सोपं. जुन्या आरटीओकडून एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८), ती घेऊन नव्या आरटीओत नव्या नंबरासाठी अर्ज (फॉर्म २७), इथला टॅक्स, गाडीची तपासणी, नवी पाटी. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरायचे, पैसेही तिथेच. फक्त आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असू द्या. माझा बंद पडलेल्या जुन्या सिमवर होता, त्यात चार दिवस गेले. ते माझ्या खात्यावर.

घोडं अडलं ते एचपीवर. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, फायनान्स कंपनीचा बोजा चढवलेला असतो, त्याला सगळे एचपीच म्हणतात. कर्ज फिटलं की तो आपोआप उतरतो, असा माझा समज होता. तो उतरत नाही. कंपनी पत्र देते आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रतींवर सही-शिक्का देते. ते घेऊन आरटीओत एचपी आपण काढून घ्यायचं असतं. २०२१मध्ये ते पाकीट पोस्टाने घरी आलं तेव्हा मी ते न उघडताच कपाटात ठेवलं होतं. तीन वर्षांनी उघडलं तेव्हा तळाला बारीक अक्षरात दिसलं: हे पत्र तीन महिने वैध.

मग नवं पत्र मागितलं. इंदूरच्या शाखेने सांगितलं की कर्ज जिथून घेतलं तिथली शाखाच देईल. तिथली शाखा दुसऱ्या शाखेत मिसळली होती. फोनवर दहा मिनिटं संगीत ऐकायचं, मग एक मुलगी अतिशय गोड आवाजात तक्रार क्रमांक द्यायची. असे माझ्याकडे सहा क्रमांक झाले. शेवटी रात्रभराच्या स्लीपर बसने गेलो, सकाळी त्या शाखेच्या शटरसमोर चहा पीत उभा राहिलो आणि दुपारपर्यंत पत्र मिळालं. ताजं, शिक्क्यासकट. इतका आनंद झाला की मी ते वाचलंच नाही.

जुन्या आरटीओच्या खिडकीवरच्या बाईंनी मात्र वाचलं. त्यांनी पत्र घेतलं, आरसी घेतली, पट्टी लावून एकेक अक्षर जुळवलं आणि बाराव्या अक्षरावर पट्टी थांबली. "हे ओ आहे. आरसीवर शून्य आहे." मी म्हटलं, "ताई, एकच तर आहे ते." त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी एकच असेल. उद्या दुसऱ्या कोणाच्या गाडीचा बोजा उतरवला तर माझी नोकरी जाईल." तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, या सगळ्या प्रकरणात नीट काम करणारं माणूस त्या एकट्याच होत्या.

परत शाखेत. टेबलावरचा तरुण म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये जे आहे तेच छापतं." सिस्टीममध्ये चुकीचं आहे म्हटलं तर म्हणे, सिस्टीममध्ये बदल हेड ऑफिस करतं. हेड ऑफिसला मेल केला तर उत्तर आलं की शाखेशी संपर्क साधा. मी आरसीची प्रत पाठवली, गाडीवर ठोकलेल्या नंबराचा फोटो पाठवला. त्यावर उत्तर: "आपल्या गाडीवरचा नंबर आमच्या नोंदीशी जुळत नाही, कृपया आरटीओतून गाडीच्या नंबरात दुरुस्ती करून घ्या." म्हणजे यांच्या टायपिंगच्या चुकीसाठी मी गाडीचा गळा खरवडून त्यावर ओ ठोकून घ्यायचा! तो मेल मी प्रिंट काढून ठेवलाय. दिवाळीत पाहुण्यांना दाखवला.

रविवारी दुपारी चिडून बसलो होतो तेव्हा एक गोष्ट हाती लागली, आणि सगळ्यात जास्त कामाची तीच ठरली. हल्लीच्या गाड्यांचा चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि तो जगभर एका प्रमाणाने बांधलेला आहे, आयएसओ ३७७९. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरायचीच नाहीत, असा नियम आहे. का, तर ती एक आणि शून्याशी गोंधळतात म्हणून! म्हणजे ज्या नंबरात ओ आहे तो नंबर असूच शकत नाही. माझ्या एमई३ने सुरू होणाऱ्या नंबरात ओ छापणारी सिस्टीम अस्तित्वात नसलेल्या गाडीवर कर्ज देऊन बसली होती आणि मी ते दोन वर्षं इमानदारीने फेडलं होतं.

हे सगळं लिहून पत्र केलं, या वेळी ग्राहक सेवेला नाही, तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे न सुटलेल्या तक्रारींसाठी नेमलेल्या माणसाला. त्याचं नाव-पत्ता प्रत्येक फायनान्स कंपनीच्या वेबसाइटवर अगदी तळाशी, कोणाला सापडू नये अशा जागी असतो. सोबत डीलरने दिलेलं विक्री प्रमाणपत्र (फॉर्म २१), आरसी, फोटो आणि तो अजरामर मेल. शेवटच्या ओळीत लिहिलं की तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. ही नुसती धमकी नव्हे. बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तसा मार्ग आहे, अर्ज ऑनलाइन होतो, फी नाही. आणखी एक: कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, उशीर कंपनीमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ डिसेंबर २०२३पासून लागू आहे. माझं कर्ज त्याआधीच फिटलं होतं, त्यामुळे मला त्यातला एक रुपया मिळणार नव्हता. तुमचं नंतर फिटलं असेल तर पत्रात जरूर लिहा.

नवव्या दिवशी फोन आला. तक्रार क्रमांक नाही, संगीत नाही. "सर, आपका लेटर रेडी है, कुरियर कर दें?" मी म्हटलं, आधी फोटो पाठवा. फोटो मोठा करून बारावं अक्षर बघितलं. शून्य होतं, मधून तिरकी रेघ मारलेलं, कोणी संशय घेऊ नये असं. आई स्वयंपाकघरातून विचारत होती की कोण गेलं, कारण मी इतका वेळ गप्प होतो.

त्यानंतर जुन्या आरटीओत एचपी उतरलं आणि एनओसी चार दिवसांत हातात आली. तिथल्या त्याच बाईंनी पट्टी लावली, शेवटपर्यंत नेली आणि काही न बोलता शिक्का मारला. एक ई-चलन मात्र निघालं, २०२०चं, हेल्मेटचं. चलन बाकी असेल तर एनओसी निघत नाही, म्हणून अर्जाआधीच बघून भरून टाका. (हेल्मेट घातलं होतं. पट्टा लावला नव्हता.)

मधलं एक राहिलं. फॉर्म २८ वर चेसिस नंबराचा पेन्सिलीचा ठसा लागतो. पातळ कागद नंबरावर धरून मऊ पेन्सिल आडवी घासायची. हिमालयनचा नंबर हँडलखाली फ्रेमच्या गळ्याशी आहे आणि माझ्या गाडीत तिथे जाम गेटची माती, वायरी आणि मी हौसेने लावलेल्या जादा दिव्यांची गुंडाळी होती. आधी रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने जागा साफ करा, हँडल पूर्ण वळवा, आणि एक नाही, पाच-सहा ठसे काढून ठेवा. प्रत्येक खिडकीवर एक जातो. वायर ब्रश लावू नका, अंक झिजले तर वेगळंच प्रकरण उभं राहील. आणि ठशातलं शून्य नीट उमटलंय ना, ते बघा. मी आता कुठेही आधी तेच बघतो.

इंदूरच्या बाजूला फारसं सांगण्यासारखं नाही. अर्ज, एनओसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, टॅक्स. टॅक्स गाडीचं वय बघून लागतो आणि तो आधी इथे भरावा लागतो. महाराष्ट्रात पंधरा वर्षांचा एकरकमी भरलेला असतो, त्यातल्या उरलेल्या वर्षांचा परतावा नंतर इथली पावती आणि नवी आरसी दाखवून मागायचा. दोन्हीकडचे पैसे काही काळ अडकणार, तेवढी तयारी ठेवा. बदलीची नोकरी असलेल्यांना बीएच नंबर, म्हणजे राज्य बदललं तरी तोच चालणारा 'भारत' नंबर, हा बरा उपाय आहे. जुन्या गाड्यांनाही तो आता मिळतो, पण खासगी कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं हवीत. माझ्या मालकाचं एकच कार्यालय आहे, तेही त्याच्या सासऱ्यांच्या गाळ्यात.

तपासणीला मात्र माझीच फजिती झाली. निरीक्षक साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "साडी गार्ड कहाँ है, भिया?"

मी गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात साडी गार्ड काढून टाकलं होतं. चिखलात दगड अडकतात, वजन वाढतं, आणि खरं सांगायचं तर अवघड वाटांवर जाणाऱ्या गाडीला साडी गार्ड म्हणजे पैलवानाला टोपडं. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम स्पष्ट आहे: मागच्याला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकणारं आवरण. साहेबांचं बरोबर होतं. जादा दिवे, बदललेला सायलेन्सर हेही चालत नाही. कंपनीने दिली त्याच्याविरुद्ध गाडी बदलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्येच सांगितलंय. सायलेन्सर मी आदल्या दिवशी मूळचा बसवला होता, दिवे काढले होते, आरसेही परत लावले होते. साडी गार्ड तेवढं विसरलो.

ते सापडलं आमच्या गच्चीवर. आईने त्यावर जाईचा वेल चढवला होता आणि वेल आता चांगला गच्च झाला होता. "दुसरं विकत आण," आई म्हणाली. दुकानात विचारलं तर आठ दिवस लागतील म्हणे. शेवटी बाबा खुर्चीवर बसून सूचना देत राहिले आणि मी अर्धा तास एकेक तंतू सोडवत बसलो. दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली तेव्हा साडी गार्डच्या खाचेत एक सुकं पान होतंच.

हाय सिक्युरिटी पाटी नव्या नंबराची नवी घ्यावी लागते, जुनी चालत नाही. आपल्या गाड्यांची पुढची पाटी पडण्यात वाकते, तिचा पत्रा आधी सरळ करून घ्या, नाहीतर ते एकदाच बसणारं लॉक नीट बसत नाही. साडी गार्ड अजून काढलेलं नाही. गाडीवरून पहिली फेरी आईची झाली, रामबागेपर्यंत. तिने पदर खोचला आणि म्हणाली, आता कसं बसायला बरं वाटतं. त्यामुळे आता काढायची पंचाईत.

नवा नंबर आला की विमा कंपनीलाही कळवायचं असतं, नाहीतर दाव्याच्या वेळी अडतं. मी कळवलं, नवी आरसी जोडली, आणि परवा दुरुस्त पॉलिसी आली. नाव बरोबर, एमपी-०९ बरोबर. चेसिस नंबर मोठा करून बघितला. बाराव्या जागी ओ. जुन्या पॉलिसीवरही तोच आहे, २०१९पासून. म्हणजे डीलरच्या टेबलावर एकाच माणसाने एकाच दुपारी दोन्ही फॉर्म टाइप केले असणार. विमा कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याचा पत्ताही वेबसाइटच्या अगदी तळाशी आहे. पत्र तयारच होतं, फक्त नाव बदललं.