हरितगृहातली ऊब आणि ट्रेमधला गारवा

थंडी सरण्यापूर्वीच काचेच्या लहानशा हरितगृहात भाज्यांची आणि फुलांची रोपे तयार करण्याचे माझे हे तिसरे वर्ष आहे. पहिल्या वर्षीचा माझा हिशेब भाबडा होता. आत ऊब आहे, तेव्हा जितके लवकर पेरू तितके लवकर फळ हाती येईल, असे समजून मी टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी, काकडी, झेंडू आणि पिटुनिया यांचे बी एकाच दिवशी पेरून टाकले. टोमॅटो रेंगाळत उगवला, काकडीचे बी कुजले आणि मिरचीच्या ट्रेमध्ये तीन आठवडे उलटले तरी हिरवा ठिपकाही दिसेना.

बी जुने असावे, अशी मी स्वतःची समजूत घातली. मात्र एका सकाळी छताला टांगलेला तापमापक काढून सहज ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे बी रुजवण्याचे माध्यम म्हणून भरलेल्या नारळाच्या काथ्याच्या भुशात, खोचला, तेव्हा तो जेमतेम १३ अंश सेल्सिअस दाखवू लागला. दुपारी उन्हात हवा ३० अंशांवर जात होती आणि मी त्याच आकड्यावर खूश होतो. पण काच रात्री ती ऊब झपाट्याने गमावते आणि ओले माध्यम बाष्पीभवनाने आणखी गार पडते. बियाण्याला वरच्या हवेशी फारसे देणेघेणे नसते, ते ज्यात रुजायचे त्या माध्यमाच्या तापमानाशी असते. मिरची आणि वांग्याला २५ ते ३० अंश लागतात, टोमॅटोला त्याहून थोडे कमी चालतात, तर कोबी आणि लेट्यूस गारव्यातही आनंदाने उगवतात. उलट फार उष्णता झाली, तर लेट्यूसचेच बी रुसून बसते.

दुसऱ्या वर्षी मी तापमान नियंत्रक असलेली उबदार चटई आणली आणि ती फक्त मिरची-वांग्यांच्या ट्रेखाली अंथरली. दहाव्या दिवशी मिरचीचे कोंब वर आले. ते दिसताच ट्रे चटईवरून उतरवायला हवेत, हे मला उशिरा कळले. भरपूर ऊब आणि अपुरा प्रकाश यांमुळे रोपे उंच आणि काटकुळी होतात आणि अशी रोपे पुढे कधीच नीट सावरत नाहीत, असे माझे मत झाले आहे.

फुलांच्या बियांनी वेगळाच धडा दिला. सामान्यतः बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरावे. पण पिटुनियाचे धुळीसारखे बारीक बी उगवायला प्रकाश लागतो, त्यामुळे ते ओल्या माध्यमावर नुसते भुरभुरून हलकेच दाबायचे असते. पहिल्या वर्षी मी ते इमानेइतबारे मातीआड केले होते, यात नवल ते काय!

सगळ्यात जिव्हारी लागले ते रोपे कोलमडण्याचे. रात्री ताठ उभी असलेली झेंडूची रोपे सकाळी बुडाशी बारीक होऊन आडवी पडली होती. हे काम पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या रोगजंतूंचे असते. पण त्यांना निमंत्रण मीच दिले होते. ट्रे जुने, न धुतलेले होते, बी दाट पडले होते आणि मी रोज संध्याकाळी वरून पाणी घालून दारे बंद करत होतो. आता मी ट्रे धुऊन निर्जंतुक करतो, बी विरळ टाकतो, सकाळी ट्रेच्या तळातून पाणी शोषू देतो आणि दुपारी झडपा उघडतो. तेव्हापासून तुरळक रोपेच दगावली आहेत.

रोपे वेगळी करताना देठ न पकडता पानाला धरावे, कारण पान फाटले तर दुसरे येते, चेचलेला देठ बरा होत नाही. त्यानंतरचे ७ ते १० दिवस ट्रे रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवून त्यांना ऊन-वाऱ्याची सवय लावावी लागते. हे कंटाळवाणे काम आहे आणि मी एकदा ते टाळले, तेव्हा टोमॅटोची पाने दोन दिवसांत उन्हाने पांढुरकी पडली.

पेरणीची तारीख मी आता बाहेर लावणीच्या दिवसापासून उलटी मोजतो: पिटुनियासाठी १० ते १२ आठवडे, मिरचीसाठी ८ ते १०, टोमॅटोसाठी ६ ते ८. काकडीला तीन-चार आठवडेच पुरतात, शिवाय तिची मुळे हलवलेली तिला सोसत नाहीत. म्हणून मिरची चार पानांवर आली असली, तरी काकडीचे पाकीट या वर्षी मी अजून उघडलेले नाही.