आगीची ‘लेव्हल’ नेमकी कशाची?

‘लेव्हल टूची आग’ अशी पट्टी टीव्हीवर दिसली की लोक ज्वाळांचा अंदाज बांधतात. ही लेव्हल ज्वाळांची नसतेच. किती गाड्या, किती माणसं आणि कोणत्या हुद्द्याचा अधिकारी तिथे पोहोचायला हवा, हे ती सांगते. मुंबई अग्निशमन दलात लेव्हल १ ते ४ आणि त्याच्याही वर ‘ब्रिगेड कॉल’ अशी चढण आहे.

१०१ वर फोन आला की नियंत्रण कक्षातून जवळच्या केंद्राला वर्दी जाते, घंटा वाजते, बंब निघतो. पहिला अधिकारी जागेवर पोहोचून जे बघतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं. लेव्हल वाढवायला त्याने दहा मिनिटं थांबून पाहिलं तर ती दहा मिनिटं मागच्या गाड्यांच्या ट्रॅफिकमध्ये जमा होतात. जास्तीची गाडी अर्ध्या वाटेतून परत पाठवता येते, उशिरा मागितलेली लवकर आणता येत नाही. म्हणून लेव्हल पटकन वाढवणारा अधिकारी घाबरट नसतो.

विसाव्या मजल्यावर एकच फ्लॅट जळतोय, तरी वर्दी लेव्हल टूला का जाते? हवेमुळे. पाठीवरच्या बीए सेटचं, म्हणजे धुरात श्वास घ्यायच्या उपकरणाचं, सिलिंडर ६ लिटरचं आणि ३०० बार (बार म्हणजे दाबाचं माप) दाबाने भरलेलं असेल, तर साधारण १,८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर कागदावर ४५ मिनिटं होतात. पण होज (पाण्याचा पाइप) ओढत धुरात काम करणारा माणूस ६० लिटरही सहज ओढतो, म्हणजे झाली तीस मिनिटं. त्यातही ५५ बारच्या आसपास हवा संपत आल्याची शिट्टी वाजते आणि तोवर माणूस बाहेर हवा. आत पोहोचायला ७० बार खर्च झाले, तर परतायलाही तेवढे राखावे लागतात. प्रत्यक्ष आगीवर उरतात जेमतेम दहा मिनिटं.

म्हणून एक जोडी आत, दुसरी तयार आणि तिसरी दमून बाहेर आलेली. आगीच्या दोन मजले खाली तळ मांडतात. तिथे एकजण बोर्डावर प्रत्येकाचं नाव, आत जातानाचा दाब आणि वेळ लिहीत बसतो. हे काम कंटाळवाणं, पण त्याची नजर चुकली तर आतल्या माणसाची हवा संपल्याचं कुणालाच कळत नाही. भरलेली सिलिंडरं वर वाहायलाही माणसं लागतात. एका खोलीच्या आगीला खाली इतक्या गाड्या दिसतात त्या यासाठी.

पाण्याचा हिशेब आणखी कडक. बंबाची टाकी ४,५०० लिटरची धरली आणि होजच्या एका लाइनला मिनिटाला ४५० लिटर, तर दहा मिनिटांत टाकी कोरडी. दोन लाइन लावल्या की पाचच. तोवर टँकर किंवा इमारतीची टाकी जोडली गेली पाहिजे. त्यात दर दहा मीटर उंचीला जवळपास एक बार दाब जातो. विसावा मजला म्हणजे सुमारे ६० मीटर, म्हणून नुसतं पाणी चढवायलाच सहा बार लागतात. नोझलला हवा तो दाब आणि होजमधलं घर्षण वेगळंच. खालून होज चढवत नेण्यापेक्षा इमारतीचा रायझर, म्हणजे आगीसाठी मजल्यामजल्याला तोंडं असलेला उभा पाइप, वापरतात तो यामुळेच.

आणि घोळ तिथेच होतो. बंबाने रायझरमध्ये पाणी भरायच्या गेटजवळच्या चार तोंडांच्या इनलेटसमोर स्कूटर उभ्या, होज जोडायचं पितळी कपलिंग भंगारात गेलेलं, सातव्या मजल्याचा व्हॉल्व्ह कुणीतरी उघडा सोडलेला. मग बंब दाब देतो आणि पाणी सातव्याच्या जिन्यात वाहत राहतं. पाणी मागे येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल तर पाणी वर न चढता उलटं टाकीत. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यायचा असतो. पण पंप खरोखर चालवून, वरच्या टोकाला नोझल लावून साडेतीन बार मिळतात का हे पाहिलं, की फक्त सही झाली, हे सोसायटीच्या सेक्रेटरीने स्वतः उभं राहून बघायचं.

शिडीचंही तसंच. उंच शिडीच्या गाडीला सहा मीटर रुंद आणि ४५ टन पेलणारी वाट लागते, शिवाय चारी बाजूंचे जॅक टेकवायला घट्ट जमीन. पोडियमवर, म्हणजे इमारतीभोवतीच्या उंच चौथऱ्यावर, शोभेचे पेव्हर ब्लॉक आणि खाली पार्किंगचा पोकळ स्लॅब असेल, तर शिडी नव्वद मीटरची असून गेटबाहेरच उभी राहते.