फायबर पोस्टने दात मजबूत होत नाही

रूट कॅनॉलनंतर पोस्ट (मुळाच्या कॅनॉलमध्ये, म्हणजे पोकळीत, बसवायची फायबरची किंवा धातूची काडी) टाकली की दात भक्कम होतो, असं पेशंटला सर्रास सांगितलं जातं. खरं तर पोस्टचं काम एकच, कोअरला (कॅपखालच्या भरावाच्या बुंध्याला) आधार देणं. ताकद असते ती उरलेल्या डेंटिनमध्ये (दाताच्या आतल्या कठीण थरात). नुसत्या अ‍ॅक्सेस कॅव्हिटीने (नसेपर्यंत पोचायला पाडलेल्या भोकाने) दाताचा ताठपणा जेमतेम 5 टक्के घटतो, पण दोन्ही मार्जिनल रिज (चावण्याच्या पृष्ठभागाच्या, शेजारच्या दातांकडच्या कडा) गेल्या की 60 टक्क्यांहून जास्त. त्यामुळे दाढेच्या तीन भिंती शाबूत असतील तर पोस्टच्या नादी लागू नये. पल्प चेंबरमध्ये (नसेच्या मोकळ्या झालेल्या पोकळीत) कंपोझिट (दातरंगी रेझिन) भरून कस्प (दाढेचे उंचवटे) झाकावेत.

पोस्ट लागणारच असेल तर आधी फेरूल, म्हणजे कॅपच्या पकडीत येणारं शाबूत डेंटिनचं कडं, मोजा. कॅपच्या कडेच्या वर चहूबाजूंनी 1.5 ते 2 मिमी उंच आणि निदान 1 मिमी जाड डेंटिन हवं. वरच्या पुढच्या दातात टाळूकडची भिंत सगळ्यात मोलाची, कारण चावताना ताण तिथेच येतो. फेरूल नसेल तर क्राउन लेंग्दनिंग (हिरडी-हाड कमी करून दात जास्त उघडा करणं) करा किंवा ऑर्थोने (तारांच्या उपचाराने) दात बाहेर ओढून घ्या. महागडी पोस्ट ही उणीव भरून काढत नाही.

डेंटिनचा इलॅस्टिक मोड्युलस (ताठपणाचं माप) साधारण 18 गिगापास्कल, स्टीलचा 200, फायबर पोस्टचा बहुधा 20 ते 40. फायबर दाताबरोबर वाकते, म्हणून मूळ उभं चिरण्याऐवजी बहुतेकदा पोस्टच सुटते आणि दात वाचतो. मात्र फेरूल नसताना हाच लवचीकपणा नडतो: कोअर हलतो, कॅपच्या कडेचं सिमेंट फुटतं, आत कीड शिरते. नस काढलेली, त्यामुळे पेशंटला पत्ताही लागत नाही.

रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावूनच काम करा. मुळाच्या टोकाशी 4 ते 5 मिमी गट्टा-पर्चा (कॅनॉल भरायचा रबरासारखा पदार्थ) ठेवा. कॅनॉल पोस्टच्या मापाला रुंद करत बसू नका. भिंतीवरचा सीलर (गट्टा-पर्चा चिकटवणारा लेप) पूर्ण निघायला हवा, विशेषतः युजेनॉलचा (लवंगतेलातल्या घटकाचा), कारण तो पोस्ट चिकटवणारं रेझिन सिमेंट घट्ट होऊ देत नाही. शेवटचा वॉश हायपोक्लोराइटचा (जंतुनाशक द्रावणाचा) नको, त्याचा ऑक्सिजन बाँड बिघडवतो. 17 टक्के ईडीटीए (भिंतीवरचा थर काढणारं द्रावण), मग पाणी, मग पेपर पॉइंट (कॅनॉल कोरडा करायच्या कागदी काड्या). पोस्ट अल्कोहोलने पुसा आणि पाण्याखाली डायमंड बरने कापा. कटरने तंतू चिरडतात. ड्युअल-क्युअर (प्रकाशाने आणि आपोआपही घट्ट होणारं) सिमेंट बारीक टिपने तळापासून भरत वर या. लेंट्युलोने (सिमेंट आत ढकलणाऱ्या फिरत्या स्प्रिंगने) काही सिमेंट वेळेआधीच घट्ट होतात.

पोस्ट निघून आली तर ती नीट पाहा. सिमेंट तिलाच चिकटलेलं असेल तर बाँड डेंटिनच्या बाजूने सुटला आहे, म्हणजे बहुधा कॅनॉलची भिंत साफ झाली नव्हती किंवा ओली राहिली होती.