यंदाची माटवी : कुंपणात जे आहे तेच वर चढवलं

यंदा, म्हणजे २०२५ ला, चतुर्थी लवकर आली, २७ ऑगस्टला. २०२३ साली अधिक श्रावण होता म्हणून ती १९ सप्टेंबरपर्यंत लांबली होती, २०२४ ला ७ सप्टेंबर. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची, फळाफुलांनी भरलेली चौकट, आणि ती बांधणाऱ्याला या तारखांचा फार फरक पडतो. सप्टेंबरच्या मध्यावर कवंडळं, म्हणजे एका रानवेलाची फळं, केशरी-लाल होऊन वेलावर लोंबत असतात. ऑगस्टअखेर तीच हिरवीगार, अंगावर पांढरट पट्टे. लाल रंग हवाच म्हणून प्लास्टिकची फळं टांगणं मला पटत नाही. म्हणून यंदा ठरवलं, माटवी हिरवी-पांढरीच करायची. आमच्या कुडाळकडच्या गावात त्या आठवड्यात परड्यात (परसात), कुंपणावर आणि रानात जे असेल तेच वर चढेल.

आषाढात : चौकट आणि दोर

चौकट माणग्याची. हा बांबू भरीव असतो, काटे जवळजवळ नाहीत आणि भार पडला तरी पट्टी वाकत नाही. पावसात तोडलेल्या बांबूला भुंगेरा लवकर लागतो, त्यामुळे माणगा थंडीतच तोडून वाहत्या पाण्यात भिजत ठेवला होता. पाण्यात बांबूतलं पिठूळ सत्त्व निघून जातं आणि किडीला खायला काही उरत नाही. आषाढात फक्त पट्ट्या काढून आडव्या-उभ्या बांधल्या.

खरा वेळ दोरात गेला, आणि मला सगळ्यात आवडतं तेही हेच काम. आमच्याकडे माटवीला केवणीचा दोर. केवण म्हणजे तीच मुरुडशेंगेची, पोरांच्या पोटात मुरडा आला की जिची शेंग उगाळून देतात. पावसाळ्यात तिची साल सहज सुटते. अंगठ्याएवढ्या जाडीची सरळ फांदी घ्यायची, बुंध्याकडून कोयतीने चीर द्यायची आणि साल ओढायची. ती शेंड्यापर्यंत सलग येते. वरची करडी साल खरवडली की आत पांढरट, चिवट पट्टी मिळते. एका झाडाची एखादीच फांदी घेते, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे परत जाता येतं.

शेजारच्या काकी ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "सुको वळू नको गो, तुटतलो. रातभर भिजवन ठेव." तसंच केलं. पट्टी मधोमध न दुमडता थोडी एका बाजूला दुमडायची, म्हणजे दोन्ही पदर एकाच जागी संपत नाहीत आणि जोड वेगवेगळ्या ठिकाणी येतात. मग वरच्या पदराला आपल्यापासून दूर पीळ द्यायचा आणि तो पदर आपल्याकडे आणून दुसऱ्यावरून टाकायचा. पुन्हा दुसऱ्याला पीळ, पुन्हा टाकणं. पदराचा पीळ एकीकडे आणि दोराचा उलट दिशेला, त्यामुळे दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात आणि हात सोडला तरी दोर उलगडत नाही. हात बसला की बोटं आपोआप चालतात.

वळायचा ओला, पण बांधायचा सुकवून. ओल्या दोराची गाठ सुकल्यावर सैल पडते, आणि डोक्यावर नारळाची पेंड (घड) लटकत असताना ते चालणार नाही.

नारळी पुनवेनंतर : हेरणं

या दिवसांत फक्त फिरायचं आणि जागा लक्षात ठेवायच्या. कवंडळाचा वेल व्हाळाकडच्या (ओढ्याकडच्या) कुंपणावर सापडला. कांगणीच्या रानवेलाचे घोस अजून कच्चे, पण आकार सुरेख. शेरवडीची झुडपं मात्र सगळीकडे फुललेली. तिचं जे पांढरंशुभ्र 'पान' आपण बघतो ते पान नाही आणि पाकळीही नाही. फुलाच्या निदलाचं, म्हणजे पाकळ्यांखालच्या वेढ्याचं, एकच दल वाढून तेवढं मोठं होतं. खरं फूल बाजूला बारीक, केशरी. हिरव्या माटवीत हा पांढरा रंग मला फार हवा होता.

कळलावीही भरात होती. ती मी जागेवरच राहू दिली. तिचा कंद तर जहालच, पण बाकीची अंगंही विषारी, आणि चतुर्थीला घर पोरांनी भरलेलं असतं.

भेरली माडाचं शिपटं, म्हणजे लोंबता घोस, मिळालं हे यंदाचं भाग्य. हे झाड आयुष्यात एकदाच फुलावर येतं: पहिला तुरा शेंड्याकडे, मग एकेक खाली खाली, आणि शेवटचा तुरा झाला की झाड मरतं. परड्याच्या कडेला असाच एक माड निम्म्यावर आलाय, त्याचं खालचं शिपटं उतरवून घेतलं. फळं धरलेलं शिपटं हाताळताना हातांना फडकं गुंडाळा. त्या फळांच्या रसाने कातडीला भयंकर खाज सुटते.

बांधणी

जे जास्त टिकतं ते आधी चढवलं. दोन दिवस आधी नारळाची पेंड, सुपारीची शिपटी आणि कवंडळं. कवंडळं देठापाशी वीतभर वेल ठेवून कापली, नुसत्या देठाने गळतात. जड वस्तू चारही टांगत्या दोरांच्या जवळ, हलक्या मध्ये. उलट केलं तर चौकट मधोमध बसते. आदल्या दिवशी तवसं (काकड्या), दोडके, पडवळ, नीरफणस, तोरिंजन. आंब्याचे टाळे (पानांच्या डहाळ्या) त्याच संध्याकाळी आणि शेरवड अगदी शेवटी, चतुर्थीच्या पहाटे.

शेरवडीसाठी यंदा नवीन प्रयोग केला. पोकळ बांबूची छोटी कांडी कापली, एका बाजूचं पेर तसंच ठेवलं आणि पाणी भरून चौकटीच्या वरच्या अंगाला बांधली. डहाळ्या त्यात खोवल्या. माणगा भरीव, त्याची नळी होत नाही. त्यासाठी दुसरा बांबू शोधावा लागतो.

उतरवताना

आमचा गणपती गौरीबरोबर जातो, म्हणजे माटवी सात दिवस टांगलेली राहिली. कवंडळं जशीच्या तशी. सुपारीचं शिपटं ताजं, चार-दोन सुपाऱ्या गळल्या. आंब्याची पानं कडेने करपली, पण एकही पडलं नाही. पाण्याच्या कांड्यांतली शेरवड चौथ्या दिवसापर्यंत पांढरी होती. नुसती बांधलेली दुसऱ्याच संध्याकाळी मान टाकून बसली. त्यामुळे पुढे सगळी शेरवड कांड्यांतच. भेरली माडाचं शिपटं दिसायला सगळ्यात देखणं, पण त्याचा बारीक सडा रोज मखरावर पडायचा. ते मूर्तीच्या थेट वर न बांधता कडेला घ्यावं. दोराच्या सगळ्या गाठी घट्ट राहिल्या. दोर सोडून गुंडाळून माळ्यावर ठेवलाय.

२०१८ च्या थर्माकोल बंदीनंतर आमच्या आजूबाजूच्या बऱ्याच घरांत पुन्हा माटवीकडे लक्ष गेलंय आणि बाजारात माटवीच्या सामानाच्या जुड्या हातोहात संपतात. आनंद आहे, पण रानातून ओरबाडून आणलेला ढीगही त्यातच दिसतो. म्हणून कवंडळाचं बी मी स्वतःच्या कुंपणाला लावणार आहे. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, चतुर्थी १४ सप्टेंबरला. तोवर फळांना रंग चढलेला असेल. कोणाकडे पिकलेल्या कवंडळाचं बी उरलं असेल तर थोडं ठेवा माझ्यासाठी, बदल्यात केवणीचा दोर देईन.