जुन्या ब्लॉकमधून मिथायलेशन मोजताना

रत्नागिरीकडच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पॅराफिन ब्लॉकमधून (मेणात बसवून जपलेल्या ऊतीच्या तुकड्यांमधून) पी१६ या गाठ रोखणाऱ्या जनुकाच्या प्रमोटरचं, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या भागाचं, मिथायलेशन (डीएनएच्या सायटोसिन या अक्षरावर मिथाइल गट चिकटणं) मोजायचं काम आम्ही केलं. मिश्री आणि तंबाखूमुळे इथे ब्लॉकना तोटा नाही, कामाचे मात्र मोजकेच निघतात. रुग्णाची ओळख काढलेली असली तरी नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यायची.

खरी कसोटी ब्लॉक निवडतानाच लागते. न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये एक-दोन दिवस राहिलेला तुकडा चालतो. बफर नसलं की फॉर्मालिन आम्ल होत जातं आणि डीएनएचा भुगा करतं. जबड्याचं हाड आम्लाने मऊ केलेलं असेल तर ब्लॉक सरळ बाजूला ठेवा. ईडीटीएने (कॅल्शियम धरून काढणाऱ्या रसायनाने) केलेलं चालतं.

४ मायक्रॉनचा एक काप एच अँड ई साठी (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठीचा नेहमीचा रंग). त्यावर पॅथॉलॉजिस्टकडून ट्यूमरची हद्द आखून घ्या, नाहीतर मधे शिरलेल्या लिम्फोसाइटचंच (पांढऱ्या पेशींचंच) मिथायलेशन मोजत बसाल. मग हवेला लागलेले वरचे दोन काप टाकून १० मायक्रॉनचे ५-६ घ्या. एप्रिल-मेमध्ये मेण मऊ पडून काप चुरगळतात, म्हणून ब्लॉक बर्फावर थंड करूनच लावायचा. रुग्ण बदलला की ब्लेड बदला.

मेण विरघळवणाऱ्या झायलीननंतर अ‍ॅब्सोल्यूट (बिनपाण्याचं) अल्कोहोल. आपल्या दमट हवेत उघडी बाटली पाणी ओढते, तेव्हा लहान बाटल्याच बऱ्या. मग प्रथिनं पचवणारं प्रोटीनेज के ५६ अंशांवर रात्रभर. पावसाळ्यात हीटिंग ब्लॉक इन्व्हर्टरवर हवाच. पुढे ९० अंशांवर तासभर, फॉर्मालिनने घातलेले बंध सोडवायला. ही पायरी कुणी गाळू नये. बंध राहिले तर डीएनएचे दोन धागे नीट सुटत नाहीत, बायसल्फाइट (मिथाइल नसलेल्या सायटोसिनचा युरॅसिल करणारं, मिथाइलवाल्याला तसंच ठेवणारं रसायन) आत पोचत नाही, आणि न बदललेला सायटोसिन मिथाइलवाला म्हणून मोजला जातो.

उलटी चूकही होते: फॉर्मालिन स्वतःच काही सायटोसिनचा युरॅसिल करतं, तिथे मिथायलेशन कमी दिसतं. म्हणून पूर्ण मिथाइल केलेला आणि अजिबात नसलेला, असे दोन्ही कंट्रोल (तुलनेचे डीएनए नमुने) प्रत्येक बॅचमध्ये ठेवा.

डीएनए किती निघाला याचा आकडा नॅनोड्रॉप (प्रकाश शोषणावरून मोजणारं यंत्र) फुगवून दाखवतो. क्युबिटवर (डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगावरून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून ५०० नॅनोग्रॅम बायसल्फाइटला द्या. रूपांतरानंतर डीएनए एकेरी होतो, त्यामुळे दुहेरी डीएनएच्या क्युबिट किटवर जवळपास शून्य आलं तरी नमुना फेकू नका. पीसीआरने वाढवायचा तुकडा १५० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आत ठेवा. प्रूफरीडिंग (चुका तपासत जाणारं) पॉलिमरेज युरॅसिलवर अडतं, साधं हॉट-स्टार्ट टॅक पॉलिमरेज घ्या.