बसची यादी, तिकिटांची यादी

परवा ह्यांनी स्कूटर पुसायला म्हणून माळ्यावरच्या बोचक्यातून एक मरून टीशर्ट ओढून काढला आणि मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून धावले. "अगं, बगलेत केवढं भोक पडलंय त्याला," हे म्हणाले. पडू दे. आमच्याकडे जुन्या कपड्याचं पुसणं होतं, पण वविच्या टीशर्टांचं होत नाही. तो नियम मी केलाय आणि तो मोडायची कुणाची टाप नाही.

ववि म्हणजे वर्षाविहार. मायबोली या मराठी संकेतस्थळावर जमणाऱ्यांची, म्हणजे मायबोलीकरांची पावसाळी सहल. मायबोलीचा जन्म १९९६च्या गणेश चतुर्थीचा. अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत बसून ती सुरू केली, तेव्हा भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. वाढदिवस गणपतीतच येत असल्यामुळे तिथे गणेशोत्सवही थाटात व्हायचा. आरास, नैवेद्य, स्पर्धा सगळं पडद्यावर. पुढे दिवाळी अंक आला, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा दिवस आला. एखाद्या चाळीच्या मंडळाचं वर्ष असतं ना, तसंच हेही. फक्त चाळीचा एक जिना डोंबिवलीत, दुसरा न्यू जर्सीत आणि तिसरा दुबईत.

मी तिथे पोचले ती सायबर कॅफेतून. तासाला तीसेक रुपये घ्यायचे, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं मराठी उमटवण्यात जायची. त्या वेळी रोमन अक्षरांत लिहून ते महिरपी कंसात घालायचं, की पलीकडे देवनागरी दिसायचं. शेवटचा कंस विसरला की सगळ्याचा चुथडा. पहिल्यांदा मी उकडीच्या मोदकांची कृती लिहिली ती अशीच, कंस न मिटवता. कुणीतरी विचारलं होतं, ही पाककृती आहे की पासवर्ड? युनिकोड आलं आणि ती कटकट संपली. पण त्या कंसातून गेलेल्या माणसांची आपसांत एक वेगळीच जवळीक राहिली, एका वर्गात छड्या खाल्लेल्यांची असते तशी.

भाषाही तिथली निराळीच. नुसतं वाचून गप्प बसणारा 'रोमात' असायचा. संकेतस्थळ चालवणाऱ्या वेबमास्तरचे 'वेमा' झाले. चार जण भेटले की गटग, म्हणजे गेट-टुगेदर. अमेरिकेतल्या मंडळींनी आपल्या भेटींना एवेएठि नाव पाडलं होतं, एका वेळी एका ठिकाणी. आमच्या सासूबाईंना मी ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग काय दोन ठिकाणी भेटणार होते?"

त्याच सासूबाई मी वविला जायचं म्हटल्यावर गंभीर झाल्या होत्या. "इंटरनेटवरच्या माणसांबरोबर सहलीला? नावं तरी ठाऊक आहेत का?" नावं खरंच ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती ती त्यांची आयडी, म्हणजे तिथे घेतलेली टोपणनावं, त्यांच्या पोरांची दुखणी, कुणाचं कुठल्या संपादकाशी वाकडं आहे ते, आणि कुणाच्या आमटीत गूळ असतो ते. आडनाव एकाचंही नाही. शेवटी हे पहाटे सहाला डोंबिवलीच्या घरडा सर्कलपर्यंत मला आणि दुसरीतल्या लेकीला पोचवायला आले, ते खरं तर माणसं बघायला. बस आली. दारात एक गृहस्थ हातात पुठ्ठ्याला लावलेली यादी घेऊन उभे, कपाळावर चष्मा, गळ्यात शिट्टी. त्यांनी माझ्या आयडीने खणखणीत हाक मारली. ती हाक मी आयुष्यात पहिल्यांदा कानांनी ऐकली. तोवर ते नाव फक्त बोटांना माहीत होतं. ह्यांनी त्या गृहस्थांकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "जा तू. हा माणूस बँकेतला दिसतो." (होतेच ते बँकेतले.)

लेकीला मात्र ते पचेना. बसमध्ये तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आई, सगळे तुला असं का म्हणतात? तुझं नाव बदललं?"

ती यादी मला नंतर फार जवळून बघायला मिळाली, कारण पुढच्याच वर्षी मला संयोजनात ओढलं. ओढलंच म्हणायचं, 'तू रोमात राहून काय करतेस' असं म्हणत. कामं वाटलेली असायची. जागा बघणारे वेगळे, खेळ ठरवणारी सांस्कृतिक समिती वेगळी, टीशर्टवाले वेगळे. माझ्याकडे यादी. रकाने असे: आयडी, माणसं किती, मुलं किती आणि कोणत्या वयाची, बसला कुठून चढणार, टीशर्टचं माप, पैसे आले का. मुंबईची बस एक आणि पुण्याची एक, कर्जत-खोपोलीच्या आसपास कुठेतरी दोन्ही एकत्र यायच्या. चढायच्या जागेवरून जेवढे वाद होत तेवढे आमच्या सोसायटीच्या पार्किंगवरूनही होत नाहीत. ऐरोलीच्या पुलाखाली थांबायचं की पुलापलीकडे, यावर एकदा तीन दिवस चर्चा झाली. आणि त्या दिवशी तो ऐरोलीकर आलाच नाही, झोपला होता.

टीशर्टचं एक होतं. त्याच्या किमतीत थोडे जास्तीचे पैसे धरलेले असायचे आणि ती रक्कम एखाद्या सामाजिक संस्थेला जायची. म्हणून न येणारेही टीशर्ट घ्यायचे. परदेशातले तर आईवडिलांच्या पत्त्यावर मागवून ठेवायचे, डिसेंबरात येऊ तेव्हा नेऊ म्हणून. एका वर्षी मी लार्ज आणि एक्स्ट्रा लार्ज हे दोन रकाने उलटे उतरवले. सत्तर-ऐंशी टीशर्ट. रिसॉर्टच्या अंगणात, वरून पाऊस, आणि बाप्ये मंडळी एकमेकांच्या अंगावर टीशर्ट लावून बघताहेत असा तो बाजार मांडला गेला. मला रडू फुटायच्या बेतात होतं. एका पुणेकरणीने माझ्या हातात कांदाभजीची बशी दिली आणि म्हणाली, "गप खा. ढगळ घालणाऱ्यांनी भजी जास्त खायची, तंग आलेल्यांनी कमी. झालं." बगलेत भोक पडलेला मरून तो त्याच साली मला आलेला, एक माप मोठा.

साडेआठच्या सुमाराला बसमधला कुणाचातरी फोन हमखास वाजायचा. अमेरिकेतून. तिकडे शनिवारचे रात्रीचे अकरा वाजलेले असायचे, घर झोपलेलं, आणि हा माणूस विचारायचा, पाऊस आहे का? मग फोन पूर्ण बसभर फिरायचा, पुढच्या सीटपासून मागच्या बाकापर्यंत. अंताक्षरी थांबायची. एकदा एकीने नुसता खिडकीबाहेर फोन धरला, घाटातल्या पावसाचा आवाज जावा म्हणून. मिनिटभर कुणी बोललंच नाही. कॉलला तेव्हा पैसे पडत असत हे लक्षात घ्या.

मग ते माध्यम प्रायोजक प्रकरण आलं. आधी हा शब्द आम्ही फक्त नाटकाच्या जाहिरातीत, तोही वर्तमानपत्राच्या नावापुढे वाचलेला. वर्तमानपत्राकडे छापायला जागा असते, वाहिनीकडे वेळ असतो, ते ती देतात आणि बदल्यात आपलं नाव लावून घेतात. आमच्याकडे काय होतं? जगभर पसरलेले वाचक, आणि फुकट राबायची खोड. २०११ साली ४ नोव्हेंबरला उमेश कुलकर्णी यांचा 'देऊळ' आला तेव्हा मायबोली त्याची माध्यम प्रायोजक होती. पुढे त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला, तेव्हा आमच्यातले काही जण असे मिरवत होते की जणू सिनेमातली दत्ताची मूर्ती त्यांनीच उचलून आणली होती. मीही मिरवले. का नाही मिरवायचं?

खरं सांगायचं तर मला आधी ते आवडलं नव्हतं. एकदा नाव बांधलं गेलं की मग सिनेमाला वाईट म्हणायची चोरी होणार, अशी धास्ती होती. तसं झालं नाही, ते आमच्या समंजसपणामुळे नव्हे, तर भांडकुदळपणामुळे. ज्यांना जे पटलं नाही ते त्यांनी लिहिलंच, आणि ज्यांना पटलं ते त्यांच्याशी भांडले. प्रायोजकत्वाचा करार वेमांनी केला असेल, पण शंभर मराठी माणसांच्या मतांचा करार कोण करणार?

काम मात्र सगळं हातांनी व्हायचं. कलावंतांच्या मुलाखती घेणारे कुणी पगारी वार्ताहर नव्हते. दिवसा प्रयोगशाळेत, कारखान्यात, शाळेत काम करणारी माणसं. रेकॉर्डर घेऊन जायचं, रात्री जागून कानाला लावून उतरवून काढायचं, 'म्हणजे कसं आहे ना' किती वेळा आलं ते गाळायचं. मी एकच मुलाखत उतरवून दिली. पंचेचाळीस मिनिटांच्या बोलण्याला मला तीन रात्री लागल्या आणि मागे सतत कपबशांचा खणखणाट. अजून कुठे हॉटेलात बशी वाजली की मला वाटतं, पुढचं वाक्य हुकणार.

आणि मग तिकिटं. स्पर्धा ठेवायच्या, जिंकणाऱ्यांना सिनेमाच्या खेळाची तिकिटं द्यायची, असा शिरस्ता होता. त्याची यादी करायला कुणीतरी हवं होतं. संयोजनातल्या एकाने मला फोन केला, "तुझा वविचा तक्ता आहे ना, तोच वापर. फक्त टीशर्टचं माप काढून टाक." मी घाईत ते काढायला विसरले. त्यामुळे मुंबईतल्या त्या थिएटराच्या पायऱ्यांवर मी यादी घेऊन उभी होते तेव्हा आयडी, माणसं किती, आणि पुढे लार्ज, मिडियम असं सगळं छापलेलं. पहिल्या जोडप्याने ते वाकून वाचलं. "सिनेमाला पण टीशर्ट आहे?" तिथून पुढे रांगेतला प्रत्येक जण आपलं माप सांगून तिकीट घेऊ लागला. मागे उभ्या असलेल्या, चित्रपटाकडून आलेल्या एका मुलीला काहीच कळेना. ही मंडळी तिकिटाच्या खिडकीशी एक्स्ट्रा लार्ज, एक्स्ट्रा लार्ज असं का ओरडताहेत?

मध्यंतरात तर ववि झालाच. कुणीतरी डब्यातून तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या, आणि थिएटरात बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून आम्ही बाहेर पायऱ्यांवर उभ्याने खाल्ल्या. चढायच्या जागेवरून तीन दिवस भांडवणारा ऐरोलीकर त्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर होता.

२०२० साली कुणाचाच पावसाळा बसने गेला नाही. त्या जुलैत एका रविवारी सकाळी साडेआठला माझा फोन वाजला. न्यू जर्सी. तोच विचारणारा आवाज, थोडा म्हातारा झालेला. मी गॅलरीत जाऊन फोन बाहेर धरला. समोरच्या इमारतीच्या पत्र्यावर चांगला पडत होता.

लेक आता नोकरीला लागली. मरून टीशर्ट मी ह्यांच्या हातून सोडवून आणला तेव्हा ती म्हणाली, मला दे, रात्री घालायला बरा आहे. मी तो शिवला, बगलेतून, दुहेरी टीप घालून. काल तिने तो घालून फोटो पाठवला. तिच्या अंगाला बरोबर बसतोय. म्हणजे यादीत तो तिच्याच मापाचा असणार.